कंदील कुणी केला?

दसरा झाला, आपट्याची पाने वाटून झाली, की आपल्या शहरांतून घरोघरी शाळेचे एक फर्मान येते. पूर्वी ते मुलाच्या कच्च्या वहीत शिसपेन्सिलीने उतरवलेले असे. आता ते आईच्या मोबाइलवर येते, एवढाच फरक. मजकूर साधारण ठरलेला. 'इयत्ता तिसरीच्या विद्यार्थ्यांनी आकाशकंदील तयार करून आणावा. काम स्वच्छ व नीटनेटके असावे. सुट्टीपूर्वी प्रदर्शन भरेल.' मी महाविद्यालयात मराठी शिकवते, त्यामुळे वाक्य दिसले की आधी कर्ता शोधायची खोड लागली आहे. या वाक्यात कर्ता विद्यार्थी. प्रत्यक्षातला कर्ता कोण, हे ज्याच्या घरी तिसरीतले पोर आहे त्याला विचारावे.

त्या आठवड्यात रात्री दहाच्या सुमारास आमच्या इमारतीच्या आवारात उभे राहून वर पाहिले, तर कुठल्या घरी कंदील चालू आहे ते दिव्यांवरून कळते. वडील फूटपट्टी घेऊन जमिनीवर बसलेले, आई डिंकाची बाटली धरून उभी, आजी 'अरे, सोनेरी कागद लावा ना कडेला' असे सुचवते आहे, आणि वाक्यातला कर्ता सोफ्यावर तोंड उघडे टाकून झोपलेला. आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ इंजिनियर आहेत. मागे एका वर्षी त्यांनी बारा पंचकोनांचा कंदील केला. त्याचे कोन त्यांनी संगणकावर काढले होते. कंदील खरोखरच देखणा झाला होता. मुलाला मात्र तो हातात धरायची परवानगी नव्हती. शाळेपर्यंत तो वडिलांच्या गाडीत, मागच्या सीटवर, एकटाच बसून गेला. आणि ज्यांना एवढेही जमत नाही त्यांच्यासाठी स्टेशनरीच्या दुकानांवर पाट्या असतातच : 'शाळेचे प्रकल्प करून मिळतील.'

आता यात बिघडले काय, असे कुणी म्हणेल. सणाचे दिवस, घरातली चार माणसे एका कामाभोवती बसली, तर ते चांगलेच नाही का? चांगलेच आहे. दारात लावायचा कंदील सर्वांनी मिळून जरूर करावा. पण घरचा कंदील आणि 'हा मी केला' म्हणून बाईंच्या टेबलावर ठेवायचा कंदील, या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

आमची धाकटी गेल्या वर्षी तिसरीत होती. तिने कंदील स्वतः केला. मी तिला कागद आणून दिला, खळ शिजवून दिली आणि बाजूला बसून उत्तरपत्रिका तपासत राहिले. सासूबाईंना ते पाहवेना. "अगं, एवढी शिकलेली तू, जरा हात लाव ना पोरीच्या कामाला," असे त्या दोनदा म्हणाल्या. कंदील एका अंगाला कलला होता, खळीचे डाग पडले होते, आणि चार झिरमिळ्यांपैकी एक शेपटीसारखी लांब होती. ती मुद्दामच लांब ठेवली आहे, असे तिने आम्हांला बजावले. प्रदर्शनात तो मागच्या ओळीत, खिडकीपाशी लागला. त्याचे तिला फारसे काही वाटले नाही. पण रात्री जेवताना ती एकदम म्हणाली, "आई, बाईंनी सगळ्यांना विचारलं, 'कंदील कुणी केला?' सगळे म्हणाले, 'मी केला.' मग मीपण म्हणाले, 'मी केला.' पण माझंच खरं आहे हे बाईंना कसं कळणार?"

"तुझा वाकडा आहे ना, त्यावरून कळेल," असा विनोद तिच्या वडिलांनी केला. ती हसली नाही.

मी त्या प्रश्नाचा पुष्कळ विचार केला. वर्गातल्या बहुतेक मुलांनी एका सुरात, बाईंच्या समोर, एक लहानसे खोटे सांगितले; घरच्या वडीलधाऱ्यांच्या संमतीने सांगितले; आणि काहींना त्याबद्दल बक्षीसही मिळाले. ज्या दोन-चार मुलांनी खरे सांगितले, त्यांच्या खऱ्याची किंमत त्या खोट्याएवढीच झाली. कंदील सरळ की वाकडा, हा प्रश्न त्यापुढे अगदीच किरकोळ आहे.

या गोष्टीचे पुढचे प्रकरण मला माझ्या धंद्यात रोज वाचायला मिळते. प्रथम वर्षाच्या मुलांना मी एक लहानसा स्वाध्याय देते : आपल्या गल्लीतल्या एका माणसाविषयी दोन पाने लिहा. पूर्वी पुष्कळजण असले काम गाइडातून उतरवत. आता यंत्राकडून लिहून घेतात. दोन पाने येतात. शुद्धलेखनाची चूक नाही. पण त्यात गल्लीही नाही आणि माणूसही नाही. "हे तू लिहिलंस का?" असे विचारले, की "हो मॅडम, मीच," असे उत्तर येते, आणि ते देताना चेहऱ्यावर चोरटेपणा नसतो. त्याच्या लेखी काम म्हणजे जमा करायची वस्तू. ती कुणाच्या हातून उतरली, ही चौकशी मॅडम उगाच करतात! हे त्याला महाविद्यालयात कुणी शिकवलेले नाही. तिसरीतल्या कंदिलापासून दहावीच्या प्रकल्पवहीपर्यंत तो ते शिकत आला आहे. त्यातल्या एका मुलाने मला जे सांगितले ते तर जास्तच लागले. तो म्हणाला, "मॅडम, मी स्वतः लिहिलं असतं तर ते चांगलं झालं नसतं." अठरा वर्षांचा धडधाकट, बोलका मुलगा. आपल्या हातचे काही कुणाला द्यावे, या लायकीचे असत नाही, अशी त्याची पक्की समजूत झालेली होती.

पालकसभेत मी बाईंना सुचवले, की कंदील वर्गातच करून घ्या ना. त्यांनी न रागावता हिशेब मांडला. पन्नासांवर मुले, पस्तीस मिनिटांचा तास, कात्र्या मोजक्या, खळ सांडली तर पुसायला माणूस नाही. "आणि एवढं करून वाकडे कंदील मांडले," त्या म्हणाल्या, "तर तुम्ही पालकच विचारता, बाई, तुमच्याच वर्गाचं काम असं का?" बाईंना दोष देणे सोपे होते, मला तो देता आला नाही. प्रदर्शन मुलांचे, पण गिऱ्हाईक आपण.

खरे म्हणजे हाताचे काम शाळेत आले ते मांडून ठेवण्यासाठी नव्हेच. फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीत बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांची शाळा काढली. पुढे तिलाच त्याने किंडरगार्टन असे नाव दिले. कागदाच्या घड्या घालणे, पट्ट्या एकमेकींत विणणे हे त्याच्या पद्धतीतले उद्योग. आपल्या बालवाडीत मुले रंगीत कागदाची चटई विणतात, तिचे माहेर तिथले. व्हिएन्नात फ्रांझ चिझेक याने १८९७ साली मुलांचा चित्रवर्ग सुरू केला, तो मुलांना त्यांच्या मनासारखे काढू द्यावे या हट्टापायी. आपल्याकडे ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद बोलावली. हाताला काम दिल्यावाचून डोक्याचे शिक्षण पुरे होत नाही, हा तिचा गाभा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांच्या बालवाड्या चालवल्या, तेव्हा महागडी साधने बाजूला सारून खडे, पाने, बिया, शिंपले, माती यांच्यावरच काम भागवले. कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात विचार करून 'कार्यानुभव' सुचवला, आणि माझ्या पिढीच्या वेळापत्रकात तो तास आला. नावातच अनुभव आहे. तो वडिलांनी घेऊन मुलाला कसा पोचवता येईल?

दुसरी एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी अशी आहे. मुलाचे काम वाकडे होते ते निष्काळजीपणाने नव्हे. व्हिक्टर लोवेनफेल्ड या अभ्यासकाचा मुलांच्या चित्रांवरचा मोठा ग्रंथ १९४७ साली निघाला. सात ते नऊ वर्षांचे मूल डोळ्यांना दिसते तसे काढत नाही, त्याला ठाऊक असते तसे काढते, असे त्याने दाखवले. कागदाच्या तळाशी ते जमिनीची रेघ ओढते आणि सगळी सृष्टी तिच्यावर उभी करते. घराची भिंत काढते आणि भिंतीआडची आजी, पलंग, मांजरही काढते. जे महत्त्वाचे ते मोठे. चित्रातली आई दारापेक्षा उंच असली तर आईने रागावू नये. तो सन्मान आहे. अशा वयात आपण रबर घेऊन 'दार मोठं काढ, आई लहान काढ' म्हणू लागलो, की मूल पुढच्या वेळी पेन्सिल आपल्याकडेच देते.

मग मुलांनी करावे तरी काय? आपल्या पंचांगात याची सोय आयतीच आहे. आषाढात पाने ओली, टवटवीत असतात. पानाच्या शिरांच्या बाजूला रंग लावून कागदावर दाबले, की ठसा उठतो. याच दिवसांत भेंडीच्या टोकाकडचा तुकडा आडवा कापून रंगात बुडवावा. पाच पाकळ्यांचे फूल मिळते. श्रावणात नागपंचमीला पाटावर नाग काढायचा, भाद्रपदात शाडूचा गोळा हातात द्यायचा. प्लास्टर पटकन थिजते आणि साच्यातून निघते. शाडू सावकाश वाळतो, मोडला तर पुन्हा भिजवता येतो, आणि मुलाला तेच हवे असते. हस्ताच्या पावसात भोंडल्याचा हत्ती. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांनी काढलेली सरस्वती. माझ्या मते आपल्या शाळांतला हा सर्वांत शहाणा चित्रपाठ. ज्याला नुसता १ येतो त्यालाही ती काढता येते, आणि कुणाच्याही दोन सरस्वती सारख्या होत नाहीत. पौषात पतंग, फाल्गुनात पळसाची फुले उकळून काढलेला केशरी रंग. या प्रत्येकात साहित्य त्या ऋतूचे असते, आणि बहुतेक फुकट.

कंदिलाचेच म्हणाल, तर आठ वर्षांच्या मुलाला पूर्णपणे स्वतः करता येईल असा कंदील आहे, आणि तो जुनाच आहे. घोटीव कागद लांबीत मधोमध दुमडायचा. दुमडलेल्या कडेकडून एकेक बोट अंतरावर सरळ काप घ्यायचे, पण समोरच्या मोकळ्या कडेपाशी दोन बोटे जागा सोडून थांबायचे. कागद उलगडायचा, दोन्ही टोके जुळवून नळी करायची, खळीने चिकटवायची आणि वरून हलकेच दाबायचे. मधल्या पट्ट्या फुगून बाहेर येतात. ते होते त्या क्षणी मुलाचे तोंड पाहण्यासारखे असते! पुष्कळ मुले घाईत उलट्या कडेकडून कापतात. मग कंदील होत नाही, झिरमिळ्या होतात. त्यांना त्या फेकू देऊ नयेत. दुसरा कागद द्यावा आणि पहिल्याच्या झिरमिळ्या खाली लावायला सांगाव्यात. आत निळ्या पतंगी कागदावर पिवळा थोडा चढवून लावला, तर दिवा लागल्यावर तेवढ्या जागी हिरवे दिसते. हे त्यांना आधी सांगू नये. दिवा मात्र न तापणारा, लहान एलईडीचाच हवा.

कामट्यांचा षट्कोनी कंदील दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी. बांबू चिरण्याचे काम मोठ्यांचे, कारण कामटीची धार बोट कापते. पण कामट्या मोजणे, दोऱ्याने सांधे बांधणे, कागद ताणून लावणे हे मुलाचे. कुणाचे काय, हे आधी बोलून घ्यावे, आणि शाळेत विचारले तर मुलाने तसेच सांगावे : 'बांबू बाबांनी चिरला, बाकी मी केलं.'

राहिला किल्ला. या विषयावर मी कितीही लिहीन! किल्ल्याला आजवर कुणी फर्मान काढावे लागलेले नाही. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर टाकून मुले घरी येतात ती थेट विटा गोळा करायला. चाळीत, वाड्यात याचे एक राज्यच असे : सातवीतला एकजण सेनापती, मधली मुले गवंडी, आणि बिगरीतली पोरे चिखल वाहणारी. दोन वर्षांनी चिखलवाल्याला गवंडीपद मिळे. विटा आणि दगड रचायचे, त्यांवर चिखलात बुडवलेले गोणपाट टाकायचे, वरून माती लिंपायची. एकाला राजगड करायचा असतो, एकाला प्रतापगड. राजगड करणाऱ्याला पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या तीन दिशांना काढून मध्ये बालेकिल्ला चढवावा लागतो, आणि तो अंगणाच्या कोपऱ्यात का मावत नाही, हे भूगोलाच्या तासापेक्षा जास्त चांगले कळते. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत दडवलेला आहे. मुले तसा करू जातात तेव्हा त्यांचा स्वतःचाच हात आत शिरत नाही. मग शत्रूचे काय झाले असेल ते कुणी समजावून द्यावे लागत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले घेतले. त्यांत राजगड, रायगड आणि प्रतापगड आहेत. आमच्या आवारातल्या सेनापतीने ही बातमी ऐकून, 'मग आम्ही इतकी वर्षं काय करत होतो?' असे विचारले म्हणतात.

माथ्यावर सिंहासनावर महाराज. त्यांच्या खाली दारापेक्षा उंच मावळे, भाजीवाली, वाघ, एक विहीर, आणि पायथ्याशी एक लाल मोटार. मोटारीवर इतिहासाच्या प्राध्यापकांनी हरकत घेतल्याचे मी पाहिले आहे. त्यांना एका सहा वर्षांच्या सरदाराने सांगितले, "ती पाहुण्यांची आहे, बघायला आलेत." प्राध्यापक गप्प बसले.

आता बाजारात प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात. बुरूज, दरवाजे, पायऱ्या, सगळे कोरून रंगवलेले. गॅलरीत ठेवले, मावळे मांडले, पाच मिनिटांत किल्ला तयार. मी त्यांच्या विरुद्ध मोर्चा काढणार नाही. काही इमारतींत खरोखरच चमचाभर मातीही उरलेली नाही, सगळीकडे फरशीचे ठोकळे. पण रोपवाटिकेत लाल मातीचे पोते मिळते, आणि दोन-तीन घरांनी मिळून ते आणले तर जिन्याखालच्या कोपऱ्यात राजगड उभा राहतो. जिना झाडणाऱ्या मावशींना आधी विचारून घ्यावे आणि नंतर त्यांना फराळाचे ताट द्यावे. आमच्याकडे गेली तीन वर्षे हे चालू आहे. पहिल्या वर्षी वरच्या मजल्यावरचे इंजिनियर गृहस्थ सूचना द्यायला खाली आले होते. मुलांनी त्यांना पाण्याची बादली आणायला पाठवले. दुसऱ्या वर्षी ते आपणहून बादली घेऊनच आले, आणि त्यांच्या मुलाने कोपरापर्यंत चिखलात हात घालून त्यांना ती कुठे ठेवायची ते सांगितले.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा वसुबारस जवळ आलेली असेल, म्हणून हिरवळीचे तेवढे सांगते. मोहरीही चालते, पण उतारावर आळीवच बरे. ते भिजले की बुळबुळीत होतात आणि उभ्या मातीलाही धरून राहतात. दोन-तीन दिवसांत मोड दिसतात, पाच-सहा दिवसांत किल्ला हिरवा होतो. तेव्हा नरकचतुर्दशीला गवत हवे असेल, तर दिवस उलटे मोजून आजच पेरा. मोजायचे काम मुलांना द्या. दाट टाकू नका, आणि पाणी ओतू नका, हाताने शिंपडा. ओतले की बुरूज बसतो.